आधी विसावा घ्या, संन्यासाचं मग बघू

पत्र (थोडक्यात) : माझं वय 51. नोकरी करते. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. त्यांचं अंग पुसणं, भरवणं, औषधं, रात्री उठून कूस बदलून देणं, सगळं माझ्याकडे आहे. मुलगा शिकून मार्गाला लागला. काही वर्षांपासून गीतेच्या वर्गाला जाते आणि तेवढाच वेळ माझा असतो. तिथे ऐकलं की कर्म फक्त चित्तशुद्धीपुरतं, मोक्ष मिळतो तो ज्ञानानेच. तेव्हापासून वाटतं, मग हे करत राहण्यात उरलेलं आयुष्य कशाला घालवायचं? एका आश्रमाने कायमचं राहायला या म्हणून विचारलं आहे. यजमान म्हणतात, 'तुला जायचं तर जा, बाबांचं काय ते मग बघू.' मी सगळं निष्काम भावनेने करते असं मनाला बजावते, पण सासऱ्यांनी पुन्हा पुन्हा हाक मारली की तळपायाची आग मस्तकात जाते. रात्री रडू येतं. माझा कर्मयोग ढोंगी आहे का? आणि अर्जुनाला लढायला लावणारा श्रीकृष्ण संन्यासाची एवढी स्तुती का करतो? मी जावं का?
– एक वाचक

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्ता जाऊ नका. पण हे उत्तर ऐकून 'म्हणजे सासऱ्यांचं करत राहणं हाच माझा धर्म' असा अर्थ कृपा करून काढू नका. तुम्ही आज जसं जगता आहात तसंच पुढे जगत राहावं, असंही मला वाटत नाही. आणि गीतेलाही ते मान्य होईल असं तिच्याकडे बघून वाटत नाही.

तुमचा प्रश्न अर्जुनाचाच आहे आणि त्याने तो एकदा विचारून सोडला नाही. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो विचारतो, कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ असं तुझं मत असेल तर मला या घोर कर्मात का ढकलतोस? त्यावर अख्खा अध्याय ऐकून, चौथाही ऐकून, पाचव्याच्या पहिल्याच श्लोकात तो पुन्हा तेच म्हणतो : कर्मांच्या संन्यासाचीही स्तुती करतोस आणि योगाचीही, यातलं एक काय ते निश्चित सांग. तेव्हा तुमचा गोंधळ उडाला यात तुमचं काही कमी नाही. प्रश्न खरोखर अवघड आहे.

पण अर्जुन संन्यासाची भाषा कधी बोलायला लागला, ते बघा. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो, गुरुजनांना मारण्यापेक्षा भीक मागून खाल्लेलं बरं. ऐकायला हे किती उदात्त वाटतं! मात्र त्याच्या थोडंच आधी त्याने स्वतःची अवस्था सांगितली आहे : अंगाला कंप सुटलाय, तोंडाला कोरड पडलीय, गांडीव हातातून गळतंय, त्वचा जळतेय, धड उभं राहवत नाही. भिक्षेचं जिणं बरं वाटलं ते अशा शरीराला आणि अशा मनाला. श्रीकृष्णाने त्याला अडवलं ते संन्यास कमी प्रतीचा म्हणून नव्हे. त्या क्षणी अर्जुनाच्या तोंडून शोक बोलत होता, वैराग्य बोलत नव्हतं, म्हणून अडवलं. तुमचं पत्र वाचताना मला हाच प्रसंग आठवत राहिला.

आता वर्गात ऐकलेल्या विचाराबद्दल. तो चुकीचा नाही, एका थोर परंपरेचा आहे. आद्य शंकराचार्यांचं म्हणणं असं की बंधन अज्ञानातून येतं, म्हणून ते तुटतं ज्ञानानेच. कर्म कितीही केलं तरी त्यातून ज्ञान निर्माण होत नाही. कर्म मन शुद्ध करतं आणि शुद्ध मनाला ज्ञान पेलतं. ज्ञान आणि कर्म यांची मोट बांधून मोक्ष मिळतो, हा विचार त्यांनी गीताभाष्यात पुन्हा पुन्हा खोडून काढला आहे. रामानुजाचार्य वेगळं सांगतात. त्यांच्या मते कर्मयोगात आत्म्याचं ज्ञान आधीच सामावलेलं असतं, शिवाय तो आचरायला सोपा आणि चुकण्याचा धोका कमी असलेला मार्ग आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं गीतारहस्य 1915 साली प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी आणखी पुढे जाऊन मांडलं की ज्ञान झाल्यावरही ज्ञानी माणसाने लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी, कर्म करत राहावं, हेच गीतेचं सांगणं आहे. मला स्वतःला टिळकांची ही बाजू अधिक पटते. पण तुमच्या निर्णयापुरता हा वाद मिटायची गरज नाही. कारण शंकराचार्यांचंच बोट धरून चाललात तरी तुम्ही जिथे पोचता, ती जागा आश्रमाच्या दारापासून बरीच अलीकडे आहे.

पाचव्या अध्यायातला तो दुसरा श्लोक घ्या. संन्यास आणि कर्मयोग दोन्ही कल्याणकारक आहेत, पण त्यांत कर्मसंन्यासापेक्षा कर्मयोग श्रेष्ठ. यावर भाष्य करताना शंकराचार्य म्हणतात की इथे ज्ञानाविना केलेल्या नुसत्या कर्मसंन्यासाशी तुलना आहे. म्हणजे संन्यासाचे सर्वात मोठे कैवारीसुद्धा 'काम टाकलं की झालं' असं कुठेही म्हणत नाहीत. त्याच अध्यायात पुढे आहे : 'संन्यासस्तु महाबाहो दुःखमाप्तुमयोगतः' – योगाचा पाया नसेल तर संन्यास नुसतं दुःख पदरात टाकतो. आणि खरा संन्यासी कोण? जो द्वेष करत नाही, हाव धरत नाही, तो नित्यसंन्यासी. सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात तर सांगितलंय की नुसता यज्ञाचा अग्नी सोडला, क्रिया सोडल्या, म्हणून कोणी संन्यासी होत नाही.

मग कर्म सोडावं तरी कधी, कशामुळे? या प्रश्नाचं सर्वात स्वच्छ उत्तर अठराव्या अध्यायात आहे, आणि आपल्याकडे त्याची हवी तेवढी चर्चा होत नाही याचं मला वाईट वाटतं. तिथे त्यागाचे तीन प्रकार केले आहेत, तेही काय सोडलं यावरून नव्हे, का सोडलं यावरून. नेमून आलेलं कर्म मोहापायी टाकणं हा तामस त्याग. 'दुःखमित्येव यत्कर्म कायक्लेशभयात् त्यजेत्' – त्रासदायक आहे, शरीराला कष्ट पडतात या भीतीने टाकणं हा राजस त्याग, आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. कर्तव्य आहे म्हणून कर्म करणं आणि त्यातली आसक्ती व फळ सोडणं हा सात्त्विक त्याग.

ताई, तुमच्या पत्रात आश्रमाबद्दल एक ओळ आहे आणि हाकांबद्दल, रात्रीबद्दल, रडण्याबद्दल बाकी सगळं. तुम्हाला ब्रह्मजिज्ञासा, म्हणजे परमतत्त्व जाणून घ्यायची ओढ, नाही असं मी म्हणत नाही. इतक्या धबडग्यात गीता समजून घ्यायला जाणाऱ्या बाईची ओढ खोटी कशी असेल? पण आज त्या ओढीत सुटकेची इच्छा इतकी मिसळली आहे की कुठली कोणती हे तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणून मी 'आत्ता नको' म्हणते.

इथवर येऊन पुष्कळजण थांबतात आणि बाईला सांगतात, बघ, गीताच म्हणते सोडू नकोस, कर बिनबोभाट. तसं सांगणारे त्याच अध्यायात थोडं पुढे जात नाहीत. त्यागासारखेच तिथे कर्माचेही तीन प्रकार येतात. त्यातलं तामस कर्म कोणतं? 'अनुबन्धं क्षयं हिंसामनवेक्ष्य च पौरुषम्' – परिणाम काय होईल, किती झीज होईल, कोणाला इजा होईल आणि आपली ताकद किती, याचा विचार न करता मोहाने सुरू केलेलं. स्वतःची शक्ती न पाहता ओढत राहणं हे गीतेच्या लेखी पुण्याचं काम नाही, त्याची गणना तमोगुणात होते. कष्टाच्या भीतीने पळणं राजस आणि ताकदीचा हिशोब न ठेवता झिजत राहणं तामस. तुम्ही आज या दोहोंच्या मध्ये उभ्या आहात आणि पुढचं पाऊल दोन्हीकडे पडायला नको.

सहाव्या अध्यायात याच्याशी जोडलेलं आणखी एक वाक्य आहे. फार खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्याला नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत राहणाऱ्यालाही नाही. झोप ही तिथे योगाची अट म्हणून आली आहे. वर्षानुवर्षं रात्री उठणाऱ्या माणसाने 'मला समत्व (मनाचा समतोल) का साधत नाही' म्हणून स्वतःला दोष देणं मला फार अन्यायाचं वाटतं.

आता तुमचा सर्वात दुखरा प्रश्न, कर्मयोग ढोंगी आहे का. नाही. गीतेने मिथ्याचार, म्हणजे ढोंगी, म्हटलंय ते हातपाय आवरून बसणाऱ्याला, जो मनात मात्र विषय घोळवत राहतो. तुमचं उलट आहे. तुमचे हात काम करतात आणि मन चिडतं. निष्काम म्हणजे मनात काहीच उठणार नाही, असा अर्थ नाही. फळावर हक्क न सांगणं एवढाच तो आहे. तुमच्या चिडण्यामागे मला तरी फळाची हाव दिसत नाही. थकवा दिसतो, आणि एकटं पडल्याचं दुःख दिसतं. सात्त्विक कर्ता कसा असतो हे सांगताना गीता आसक्ती आणि अहंकार नसणं सांगते, त्याबरोबर धृती (धीर) आणि उत्साहही मागते. उत्साह आटला असेल तर तो भरून काढायला हवा. 'मी निष्काम आहे' असं घोकून तो भरत नाही. एक मात्र तपासून बघा : 'माझ्याशिवाय कोणाला नीट जमणार नाही', 'कधीतरी घरातलं कोणीतरी म्हणेल की हिने किती केलं' – असं काही आत आहे का? असेल तर आज सोडण्यासारखं तेच आहे. त्यासाठी घर सोडावं लागत नाही.

महाभारताच्या वनपर्वातली धर्मव्याधाची गोष्ट तुम्ही वर्गात ऐकली असेल. कौशिक नावाचा ब्राह्मण तपश्चर्येच्या बळावर एका बगळीला नुसत्या रागाच्या नजरेने मारतो. पुढे एका घरी भिक्षेला गेल्यावर त्याला थांबावं लागतं, कारण घरातली बाई पतीच्या सेवेत असते. तो रागावतो तेव्हा ती सांगते, मी काही ती बगळी नाही. धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेला जा, तिथल्या व्याधाला विचार. मिथिलेत मांस विकणारा तो व्याध त्याला कर्माचं, आत्म्याचं, मोक्षाचं ज्ञान सांगतो. शेवटी म्हणतो, तू आईवडिलांची परवानगी न घेता वेद शिकायला निघून आलास, तुझ्या शोकाने ते म्हातारे आंधळे झाले आहेत, परत जा.

ही गोष्ट सांगून सुनांना गप्प बसवलं जातं. म्हणून तिच्यातला एक तपशील मुद्दाम सांगते. तो व्याध सेवा करतो ती स्वतःच्या आईवडिलांची. बायकामुलं त्याला साथ देतात, पण आईवडिलांना अंघोळ मीच घालतो, पाय मीच धुतो, जेवण मीच वाढतो असं तो स्वतः सांगतो. दुकान सांभाळून. 'बाबांचं काय ते मग बघू' असं तो म्हणत नाही. तुमच्या घरात या कथेतला व्याध व्हायची पाळी पहिल्यांदा तुमच्या यजमानांची आहे. हे त्यांना दुखवायला लिहीत नाही. पित्याचं ऋण मुलाचं असतं, ते सुनेच्या अंगावर सरकवून मुलगा मोकळा होत नाही, आणि हे त्यांना कोणीतरी प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवं. हे पत्र त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल.

आता संन्यासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. मनुस्मृती म्हणते देव, ऋषी आणि पितर यांची तिन्ही ऋणं फेडून मग मोक्षाकडे मन लावावं. जाबालोपनिषद मात्र म्हणतं, ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी बाहेर पडावं, मग तुम्ही ब्रह्मचर्य, गृहस्थ अशा आयुष्याच्या कुठल्याही टप्प्यावर असा. दोन्ही वचनं आपलीच आहेत आणि दुसरं मला खोटं वाटत नाही. काही माणसांना तशी हाक येते. प्रश्न एवढाच की आलेली हाक वैराग्याची आहे हे ओळखायचं कसं.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी घर सोडायला निघतो, तेव्हा आपल्या दोन बायकांपैकी मैत्रेयीला बोलावून पहिलं वाक्य काय म्हणतो? मी आता इथून निघणार आहे, तेव्हा तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. आत्मज्ञानाचा तो अजोड संवाद सुरू होतो तो व्यवहार मिटवण्यापासून. मैत्रेयी विचारते, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? हा प्रश्न तिने विचारला तेव्हा ती रडत नव्हती, पळत नव्हती. समोर संपत्ती होती आणि ती नको म्हणत होती. वैराग्याचं माझ्यापुरतं हे लक्षण आहे : जे सोडायचं त्याच्याबद्दल राग उरलेला नसतो आणि मागे राहणाऱ्यांची सोय लावलेली असते.

सोय न लावता निघालं तर काय होतं हे आपल्या मराठी माणसांना वेगळं सांगायला नको. विठ्ठलपंतांनी पत्नीला मागे ठेवून काशीला संन्यास घेतला आणि गुरूला हे कळलं तेव्हा गुरूनेच त्यांना परत संसारात पाठवलं, असं परंपरा सांगते. पुढे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या लेकरांनी 'संन्याशाची पोरं' म्हणून जे भोगलं ते आपल्याला पाठ आहे. समाजाचा दोष त्यात फार मोठा होता. पण घाईने घेतलेल्या निर्णयाचा भार घेणाऱ्यापेक्षा इतरांवर अधिक पडतो, हेही त्यात आहेच.

तर आता करायचं काय? पहिलं, आश्रमाला 'कायमचं नको, पण काही दिवस राहून जाईन' असं कळवा, आणि खरंच जा. दोन आठवडे मिळाले तर उत्तम. त्या दिवसांत सासऱ्यांचं सगळं यजमान बघतील, सुट्टी काढून. परत आल्यावरही रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या आणि ज्या वेळात दोघंही कामावर असता त्या वेळेसाठी परवडेल तशी मदतनीस ठेवा. मुलगा मार्गाला लागला आहे, त्यानेही यात वाटा उचलावा. आजोबा त्याचेही आहेत. परक्या बाईच्या हातून अंग पुसून घ्यायला सासरे सुरुवातीला नाही म्हणतील. त्या 'नाही'पुढे लगेच हार मानू नका.

रोज रात्री रडू येणं, झोप मोडणं, हे डॉक्टरांनाही सांगा. सासऱ्यांच्या तपासणीला जाता तेव्हा एकदा स्वतःसाठी वेळ मागा. आध्यात्मिक चाचपडणं आणि शरीर-मनाचा आजार एकाच वेळी असू शकतात, आणि दुसऱ्यावर उपचार करून घेतल्याने पहिलं कमी खरं ठरत नाही.

अभ्यास थांबवू नका. गृहस्थाला ज्ञानाचं दार बंद असतं असं गीता कुठेच म्हणत नाही. जनकासारख्यांना कर्मानेच सिद्धी मिळाली, हे तिसऱ्या अध्यायातलं वाक्य. शंकराचार्य इथेही जपून अर्थ लावतात, पण जनक राज्य चालवत होता हे तेही नाकारत नाहीत. वर्गाचा वेळ मात्र वाढवायचा असेल तर तो झोपेतून कापून काढू नका, वाटून दिलेल्या कामातून काढा.

राजीनामा देऊ नका. दागिने, घर, साठवलेले पैसे यांतलं काहीही कुठल्याही संस्थेच्या नावावर करू नका. तुमच्या पत्रात तसं कोणी मागितल्याचा उल्लेख नाही, तरी लिहून ठेवते, कारण थकलेल्या माणसाकडून सही घेणं सोपं असतं. जी संस्था 'लवकर ठरवा' म्हणते तिच्यापासून लांब राहा. खऱ्या गुरूला घाई नसते.

आणि मग, समजा वर्षभराने, तुमची झोप भरून आलेली असेल, काम वाटलं गेलेलं असेल, सासऱ्यांच्या हाकेने पूर्वीसारखी आग होत नसेल, तेव्हा तोच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा. अठराव्या अध्यायात सात्त्विक त्यागी ओळखायची खूण दिली आहे : नकोशा कामाचा तो द्वेष करत नाही आणि हव्याशा कामात गुंतत नाही. सासऱ्यांची खोली आणि वर्गाची खोली या दोन्हींकडे तुम्हाला साधारण सारख्याच मनाने जाता येत असेल, आणि तरीही आश्रमाची ओढ तेवढीच असेल, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर आजच्यासारखं असेलच असं नाही. यजमानांबरोबर बसून, सासऱ्यांची पुरती व्यवस्था लावून, त्यांच्या मनापासूनच्या होकाराने कसं निघायचं, याबद्दल तेव्हा बोलू. आणि ओढ उरली नाही, तर तुम्ही परमार्थात कमी पडलात असं समजू नका. तुम्हाला विसाव्याची गरज होती आणि तो मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

यजमानांशी बोलणं मात्र या आठवड्यातच करा. रात्री दमल्यावर नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी. आश्रमाचा विषय आधी काढू नका, नाहीतर सगळं बोलणं त्यावरच अडकेल. रात्रीच्या पाळ्यांपासून सुरुवात करा.

तुमची,
सदरलेखिका